डेबियनच्या प्रयोगशाळेसाठी पुस्तके कोणती घ्यावीत आणि कोणते डॉक्युमेंटेशन उतरवून ठेवावे?

सत्तरीची_टीचर

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर डेबियन १२ हे लिनक्सचे वितरण (वापरायला तयार संच) बसवून झाले असून अकरावी-बारावीची मुले त्यावर सी आणि शेल या दोन्ही गोष्टी करून पाहतात. अडचण आहे ती वाचनाची. जून उजाडला की आमच्या भागात विजेचा भरवसा नसतो, आणि एखादे झाड ब्रॉडबँडच्या तारेवर पडले की ती जोडून मिळेपर्यंत प्रयोगशाळेला इंटरनेट नाही असेच धरून चालावे लागते. त्यामुळे "गूगलवर शोधा" हे उत्तर मी मुलांना वर्षातले निदान चार महिने देऊ शकत नाही.

ग्रंथालयात लिनक्सवरचे जे एकमेव जाडजूड पुस्तक आहे ते रेड हॅट लिनक्स ९ वरचे, म्हणजे २००३ सालच्या प्रणालीवरचे आहे. मागच्या पाकिटातली सीडी कधीच गहाळ झाली आहे. मुले त्यात वाचून आयएफकॉन्फिग टाइप करतात आणि असा आदेशच नाही, असे उत्तर मिळते. इनिटटॅब नावाची फाइल उघडायला जातात तर ती फाइलच नसते. चूक त्यांची नाही, परंतु दोन-तीनदा असे झाले की मुलांचा पुस्तकावरचा विश्वास उडतो, आणि मग चांगले पुस्तक हाती दिले तरी ती ते उघडत नाहीत.

यंदा ग्रंथालय अनुदानातून संगणक विभागाच्या वाट्याला थोडी रक्कम आली आहे आणि चतुर्थीच्या सुटीआधी मला प्राचार्यांकडे यादी द्यायची आहे. कोणती पुस्तके घेण्याजोगी आहेत, कोणती घेऊ नयेत, आणि इंटरनेट नसताना वाचता येईल असे काय प्रयोगशाळेतच ठेवता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोंड्याचा_प्रशासक

टीचर, आपल्या यादीआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी असे मला वाटते. विकत घ्यायच्या पुस्तकाचा विषय दर दोन वर्षांनी बदलणारा नसावा. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ येऊन दाखलही झाले. एखाद्या वितरणावरचे छापील पुस्तक लिहून, छापून, भारतात स्वस्त आवृत्ती निघून आपल्या ग्रंथपालांकडे पोहोचेपर्यंत त्या वितरणाची पुढची आवृत्ती दारात उभी असते. आपल्याकडचे रेड हॅट लिनक्स ९ चे पुस्तक वाईट होते असे नव्हे. ज्या प्रणालीबद्दल ते बोलते ती प्रणालीच आता अस्तित्वात नाही.

याउलट काही विषय असे आहेत की तिथे वीस वर्षांनीही पुस्तक कामाला येते. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, एक अलिखित नव्हे तर वारंवार बोलून दाखवलेला दंडक आहे, तो असा की बाहेरून चालणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नल ज्या सोयी देते त्या मोडायच्या नाहीत. ओपन, रीड, फोर्क, एक्झेक या कर्नलला द्यायच्या हाका (सिस्टिम कॉल) १९७० च्या दशकातल्या युनिक्समध्ये जशा होत्या त्याच धाटणीने आजही चालतात. म्हणूनच मायकेल केरिस्क यांचे "द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस" हे २०१० सालचे, दीड हजारांहून अधिक पानांचे पुस्तक आजही बिनदिक्कत घ्यावे असे मी म्हणतो. हे गृहस्थ अनेक वर्षे लिनक्सच्या मॅन पेजेसचे (प्रणालीबरोबरच येणाऱ्या माहितीच्या पानांचे) प्रमुख सांभाळणारे होते, त्यामुळे पुस्तकात आणि प्रणालीबरोबर येणाऱ्या पानांत विसंवाद जवळजवळ सापडत नाही. बारावीच्या मुलाला ते जड जाईल हे खरे. पण शिक्षकाच्या टेबलावर ते असावे.

कर्नलच्या आतल्या बाजूला मात्र असा कोणताही शब्द कोणी दिलेला नाही. "लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स" या पुस्तकाची तिसरी आवृत्ती २००५ ची आहे. पुस्तक उत्तम, शिवाय इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळते. तथापि त्यातला साधा कॅरेक्टर ड्रायव्हर आज जसाच्या तसा कंपाइल करायला घेतला तर होणार नाही, कारण त्यात वापरलेला फाइल ऑपरेशन्समधला आयओसीटीएल हा सदस्य २.६.३६ या कर्नलपासून काढून टाकला गेला आणि त्या जागी अनलॉक्ड आयओसीटीएल आला. हा एक नमुना झाला. असे बदल त्या पुस्तकानंतर शेकड्यांनी झाले आहेत. तेव्हा ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, शेड्युलर यांच्या आतल्या कारभारावरचे पुस्तक विद्यालयाच्या अनुदानातून घेऊ नये. कोणाला हौस असेलच तर कर्नलच्या सोर्सबरोबर येणारे डॉक्युमेंटेशन नावाचे फोल्डर वाचावे. ते त्या त्या आवृत्तीबरोबरच येते, निदान वीस वर्षे मागे पडलेले नसते.

आता विकत न घेता मिळणारे. "डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक" हे राफाएल हर्टझोग आणि रोलाँ मास यांचे पुस्तक मूळ फ्रेंचमधले. लोकवर्गणी करून त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि २०१२ मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुले केले गेले. आपल्याला ते कुठून उतरवण्याचीही गरज नाही. डेबियन-हँडबुक नावाचे पॅकेज ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या आदेशाने बसवले की यूएसआरखाली शेअर, त्याखाली डॉक या फोल्डरात संपूर्ण पुस्तक एचटीएमएल स्वरूपात येऊन बसते आणि ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. एकाच संगणकावर ते बसवावे, त्या फोल्डरात जाऊन पायथनमध्ये आधीपासून असलेला छोटा वेब सर्व्हर सुरू करावा आणि बाकीच्या संगणकांवरून प्रयोगशाळेतल्याच स्विचमार्फत ते पान उघडावे. बाहेरची तार तुटलेली असली तरी याला काही होत नाही. वीज गेली तर अर्थातच माझा नाइलाज आहे.

आणि सर्वांत आधी मुलांना मॅन वाचायला शिकवावे. ते केवळ "मॅन आणि आदेशाचे नाव" एवढ्यावर थांबू नये, विभागासकट शिकवावे. वर्गात एक प्रयोग करून पाहा. सी शिकणाऱ्या मुलाला मॅन प्रिंटएफ टाइप करायला सांगा. जे पान उघडेल ते शेलमधल्या प्रिंटएफ या आदेशाचे असेल, कारण मॅन आधी पहिल्या विभागात शोधतो. मुलगा गोंधळेल. मग मॅन ३ प्रिंटएफ टाइप करायला सांगा. आता सीच्या लायब्ररीतले फंक्शन दिसेल, वरच्या बाजूला कोणती हेडर फाइल जोडायची तेही दिसेल. पहिला विभाग आदेशांचा, दुसरा सिस्टिम कॉलचा, तिसरा लायब्ररीतल्या फंक्शनांचा, पाचवा फाइलींच्या मांडणीचा, आठवा प्रशासकाच्या आदेशांचा. क्रॉनटॅबचे पहिल्या विभागातले पान आदेश कसा द्यायचा ते सांगते, आणि मिनिट, तास, वार यांचे रकाने कसे भरायचे ते पाचव्या विभागातल्या पानावर असते. हे एकदा अंगवळणी पडले की निम्म्या शंका तिथल्या तिथे मिटतात. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातली पाने डेबियनमध्ये मॅनपेजेस-डेव्ह या वेगळ्या पॅकेजात असतात, ते आधी बसवून घ्यावे. आदेशाचे नावच ठाऊक नसेल तेव्हा ॲप्रोपॉस आणि पुढे एखादा इंग्रजी शब्द.

म्हापशाचा_बीएसडीवाला

वरील सविस्तर उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु डॉक्युमेंटेशन कसे असावे याचा नमुना मुलांना दाखवायचा असेल तर लिनक्सच्या अंगणातून थोडे बाहेर यावे लागेल, हे नम्रपणे नमूद करतो.

लिनक्समध्ये कर्नल एकाचे, सी लायब्ररी दुसऱ्याची, आदेश तिसऱ्याचे आणि हे सगळे एकत्र बांधणारा चौथा, असा प्रकार आहे. साहजिकच लिहिणारे हातही तितकेच. एका आदेशाचे मॅन पेज भरगच्च असते, दुसऱ्याचे पान "संपूर्ण माहितीसाठी इन्फो पाहा" असे सांगून वाचकाला पुढच्या दाराशी पाठवते, तर तिसऱ्याला पानच नसते. ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालींत कर्नल, लायब्ररी आणि मूळ आदेश एकाच सोर्सच्या झाडात राहतात, आणि मॅन पेजही त्याच झाडात, प्रोग्रॅमच्या शेजारी. ओपनबीएसडीच्या मंडळींत तर मॅन पेजमधली चूक ही प्रोग्रॅममधल्या चुकीइतकीच गंभीर मानली जाते.

त्यांचे आफ्टरबूट नावाचे आठव्या विभागातले पान एकदा वाचून पाहा. प्रणाली बसवून पहिल्यांदा सुरू केल्यावर काय काय तपासायचे (तारीख-वेळ बरोबर आहे का, रूटचा पासवर्ड, नेटवर्क, मेल कुठे जातो) हे त्यात ओळीने सांगितले आहे. हायर नावाचे सातव्या विभागातले पान फोल्डरांची सगळी रचना समजावते. त्याच नावाचे पान डेबियनमध्येही आहे आणि मॅन ७ हायर असे टाइप केले की उघडते, म्हणजे निदान तेवढे तरी मुलांना आजच दाखवता येईल. फ्रीबीएसडीचे हँडबुक हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. कित्येक वर्षे अनेक स्वयंसेवकांनी सांभाळलेले ते पुस्तकच आहे, विनामूल्य आहे आणि पूर्ण उतरवून ठेवता येते. कागदावरच हवे असेल तर मायकेल लुकस यांचे "ॲब्सोल्यूट फ्रीबीएसडी", २०१८ ची तिसरी आवृत्ती. वितरणावरचे छापील पुस्तक घेऊ नये या नियमाला मी एवढा एकच अपवाद करतो, कारण बीएसडीमध्ये पाच वर्षांपूर्वीची फाइल आजही ओळखीची वाटते.

मॅन पेजच्या शेवटी बग्ज नावाचे शीर्षक असते, तेही मुलांना आवर्जून दाखवावे. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये थॉम्प्सन आणि रिची यांनी युनिक्सचे पहिले मॅन्युअल काढले त्यातही ते होते. आपल्याच प्रोग्रॅममधले दोष त्याच्याच पुस्तिकेत छापण्याची ही प्रथा आजच्या कोणत्या मोबाइल ॲपमध्ये दिसते ते शोधून सांगा.

जाता जाता, आपले संगणक फार जुने, ३२-बिटचे असतील तर एक लक्षात ठेवावे. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. ओपनबीएसडी अजून त्यांच्यावर चालते. मी प्रचार करत नाही, केवळ सांगून ठेवतो.

साखळीकर_विद्यार्थी

टीचर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वरच्या दोघांनीही आर्चविकीचा (आर्च लिनक्स या वितरणाच्या माहितीकोशाचा) उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. आमच्या वर्गात आर्च लिनक्स वापरणारे मोजकेच आहेत, पण आर्चविकी वाचत नाही असा कोणीही नाही. ग्राफिक्स, ध्वनी, प्रिंटर, ब्लूटूथ यांपैकी काहीही अडले तर आमची पहिली धाव तिथेच असते. किविक्स नावाचा प्रोग्रॅम घेतला तर संपूर्ण आर्चविकी एका फाइलमध्ये मिळते. ती पेनड्राइव्हवर नेता येते आणि शोधसुद्धा इंटरनेटशिवाय चालतो. स्टॅक एक्स्चेंजवरचा युनिक्स-लिनक्सचा प्रश्नोत्तरांचा साठाही त्याच प्रकारे मिळतो. किविक्स-टूल्स हे पॅकेज डेबियनमध्ये आहे आणि त्यातला किविक्स-सर्व्ह सुरू केला की एका संगणकावरून सगळ्या वर्गाला वाचता येते.

फोंड्याचा_प्रशासक

किविक्सची सूचना उत्तम आहे, माझ्याकडून राहून गेली होती. आर्चविकीबद्दल मात्र एक सावधगिरी सुचवतो. तिथली पाने आर्चच्या ताज्या पॅकेजेसना धरून लिहिलेली असतात. डेबियन १२ मधले तेच पॅकेज दोन-तीन वर्षे मागचे असते, आणि कॉन्फिगरेशन फाइलची जागा किंवा नावही कधी वेगळे असते. समजून घेण्यासाठी आर्चविकी वाचावी. मात्र आदेश टाइप करण्याआधी आपल्या संगणकावरचे मॅन पेज उघडून तो पर्याय तिथे आहे का ते पाहावे. प्रश्नोत्तरांच्या साठ्याबाबतीत हे दुप्पट लागू आहे, कारण तिथले सर्वांत जास्त मते मिळालेले उत्तर पुष्कळदा सर्वांत जुने असते.

जुने लेखन ओळखण्याच्या माझ्या खुणा अशा आहेत. नेटवर्कसाठी आयएफकॉन्फिग सांगणारा लेख दिसला की मी तारीख पाहतो, कारण डेबियन ९ पासून तो आदेश मुळात बसवलेलाच नसतो आणि आयपी हा आदेश त्याचे काम करतो. रनलेव्हल आणि इनिटटॅब यांची भाषा दिसली तर तो लेख डेबियन ८ च्या, म्हणजे २०१५ च्या आधीचा असण्याचा संभव मोठा, कारण त्या आवृत्तीपासून प्रणाली सुरू करणारी सिस्टिमडी ही नवी यंत्रणा आली. ॲप्ट-की वापरून पॅकेज-भांडाराची किल्ली जोडायला सांगितले असेल तर तो लेख तिथेच बंद करावा. डेबियन १३ मध्ये हा आदेश शिल्लकच नाही. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टचे हाउटू लेख एके काळी आम्हा सर्वांचे गुरू होते, पण आज त्यांतले बहुतेक इतिहास म्हणूनच वाचावेत.

मॅन पेजच्या बाबतीतही इंटरनेटवर शोधून जे पान वर येईल ते न घेता डेबियनच्या स्वतःच्या मॅन पेजेसच्या संकेतस्थळावर जावे. तिथे डेबियनची आवृत्ती निवडता येते, त्यामुळे आपल्या संगणकावर जे आहे त्याचेच पान समोर येते.

सत्तरीची_टीचर

सर्वांचे मनापासून आभार. प्रिंटएफचा प्रयोग आजच वर्गात करून पाहिला आणि तो अपेक्षेप्रमाणे झाला. पुढे एका मुलीने आपणहून मॅन जीसीसी (सीचा कंपायलर) टाइप केले, तर या नावाचे पानच नाही असे उत्तर आले. जीसीसी बसवलेले आहे, प्रोग्रॅम कंपाइल होतात, मग त्याचेच पान का नसावे? मेकच्या मॅन्युअलचेही तेच. इन्स्टॉलेशनच्या वेळी नॉन-फ्री (मुक्त नसलेल्या पॅकेजेसचा विभाग) सुरू केल्याचे मला आठवते.

दुसरा प्रश्न असा की डेबियनच्या हँडबुकातली काही प्रकरणे छापून, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून ग्रंथालयात ठेवली तर ते कायद्याला धरून होईल का? आमचे ग्रंथपाल याबाबतीत फार काटेकोर आहेत.

फोंड्याचा_प्रशासक

त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. तिने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे.

जीसीसीचे मॅन्युअल जीएनयूच्या मुक्त डॉक्युमेंटेशन परवान्याखाली आहे. त्या परवान्यात लेखकाला काही भाग "बदलता न येणारे" म्हणून राखून ठेवण्याची मुभा आहे आणि जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये असे भाग आहेत. डेबियनच्या सभासदांनी २००६ मध्ये यावर मतदान घेतले आणि ठरवले की असे राखीव भाग नसतील तर या परवान्याचे लेखन मुक्त समजावे, असतील तर समजू नये. परिणाम असा की प्रोग्रॅम मुख्य भांडारात राहिला आणि त्याचे पुस्तक नॉन-फ्रीमध्ये गेले. ईमॅक्स आणि मेक यांच्या मॅन्युअलचीही तीच कथा. तत्त्व म्हणून मला डेबियनचा निर्णय पटतो. शिकणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले तर विचित्र वाटतो.

आता आपल्या आठवणीविषयी. डेबियन १२ पासून हार्डवेअरच्या फर्मवेअरसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग केला आहे. इन्स्टॉलर सुरू करतो तो हा विभाग. नॉन-फ्री त्यात येत नाही. ॲप्टच्या सोर्सेस.लिस्ट या फाइलमध्ये डेबियनच्या ओळीच्या शेवटी कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे दोन शब्द स्वतः जोडावेत, ॲप्ट अपडेट करावे आणि मग जीसीसी-डॉक व मेक-डॉक ही पॅकेजेस बसवावीत. एवढे केल्यावर मॅन जीसीसी उघडेल. ही पॅकेजेस डेबियनच्या अधिकृत डीव्हीडीवर नसतात, म्हणून तार शाबूत आहे तोवरच एका संगणकावर ती उतरवून घ्यावीत. व्हार, कॅश, ॲप्ट, आर्काइव्ह्ज या मार्गाने गेल्यावर जर उतरवलेल्या फाइली तिथे राहिलेल्या दिसल्या नाहीत, तर ॲप्टला डाउनलोड हा उपआदेश देऊन हव्या त्या फोल्डरात त्या घेता येतात आणि पेनड्राइव्हने बाकीच्या संगणकांवर नेता येतात.

छपाईबाबत ग्रंथपालांना निःशंक सांगावे. हँडबुक जीपीएल हा मुक्त परवाना किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश व समान वाटप हा परवाना, यांपैकी कोणत्याही एकाखाली वापरता येते. छापता येते, वाटता येते, हवे तर बदलताही येते. लेखकांची नावे आणि परवान्याची ओळ आपल्या प्रतीत राहिली पाहिजे. विल्यम शॉट्स यांचे "द लिनक्स कमांड लाइन" हे शेलसाठी मुलांना फार उपयोगी पडेल असे पुस्तक आहे आणि त्याची पीडीएफ लेखकाने खुली ठेवली आहे, पण त्याचा परवाना वेगळा आहे. व्यापारी उपयोग नको आणि बदल नको, अशा त्यात दोन अटी आहेत. मुलांना पीडीएफ जशीच्या तशी विनामूल्य देण्यास हरकत नाही. एखादेच प्रकरण काढून, त्यात स्वतःची उदाहरणे घालून वाटणे बसत नाही. ते छापील प्रत म्हणून यादीत घातले तरी पैसे वाया जाणार नाहीत, कारण शेल हा सावकाश बदलणाऱ्या विषयांतला आहे.

साखळीकर_विद्यार्थी

टीचर, इंग्रजी वाचायला जड जाणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सवरचे धडे मराठी निवेदनात आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर हवे ते धडे निवडून, एकत्र बांधून उतरवण्याची सोय आहे, त्यामुळे तेही प्रयोगशाळेत ठेवता येतील. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीलाच तो कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर ध्वनिमुद्रित केला हे सांगतात. बरेचसे जुन्या उबुंटूवर आहेत, म्हणून खिडक्या आणि मेन्यू वेगळे दिसतील. टर्मिनलमधले धडे मात्र आपल्या डेबियनवर चालतील.

म्हापशाचा_बीएसडीवाला

बारावीनंतर अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांसाठी एक शेवटची भर. एमआयटीने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही छोटी प्रणाली आणि तिच्यासोबतचे पुस्तक दोन्ही विनामूल्य मिळतात. सगळा सोर्स एका माणसाला सत्रभरात वाचून होतो. १९७० च्या दशकात जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर ओळीओळीने लिहिलेले भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून वाचले जात असे, कारण ते छापून विकण्यास परवानगी नव्हती. १९९६ मध्ये ते रीतसर प्रसिद्ध झाले. एक्सव्ही६ त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर, पण आजच्या सीमध्ये लिहिली आहे आणि तिचे पुस्तक उतरवायला कोणाची परवानगी लागत नाही. अनुदानाच्या यादीत त्यासाठी ओळ ठेवण्याची गरज नाही. एक छापील प्रत काढून शिक्षकांच्या खोलीत ठेवली तरी पुरे.